पूर्वेचा कट्टा

दादरच्या शिवाजी पार्कवर आमचा सहा जणांचा कट्टा 1984 च्या उन्हाळ्यात बसायला लागला आणि 2023 च्या मे महिन्यात संध्याकाळचा बसायचा बंद झाला. मधल्या एकोणचाळीस वर्षांत आमच्यातले दोघं दादर सोडून गेले, दोघांची बायपास झाली, एकदा उसन्या पैशांवरून कडाक्याचं भांडणही झालं. तरी कट्टा मोडला नाही. तो मोडला धुळीनं. नेमकं काय घडलं, आम्ही काय काय करून पाहिलं आणि आज कुठवर आलोय, ते एकदा सलग लिहून काढ म्हणून मास्तर दोन वर्षं माझ्या मागे लागले होते. "आयुष्यभर लोकांच्या बिल्डिंगींचे नकाशे काढलेस ना? आता याचा काढ." मी ड्राफ्ट्समन होतो. लिहायची सवय नाही, पण कुठली भिंत कुठे आणि वारा कुठून, एवढं मला नीट सांगता येतं.

आमच्यात मास्तर सगळ्यांत मोठे, गणित शिकवायचे, त्यांना आम्ही सगळे अहो-जाहो करतो. एकजण बँकेत होता. एकाचे वडील गिरणीत होते आणि 1982 च्या संपानंतर घर त्याच्यावर पडलं, तो पुढे पोस्टात लागला. एकाचं औषधाचं दुकान. आणि एकजण क्लब क्रिकेटच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहायचा, त्याला बायकोसुद्धा चारचौघांत "अंपायर" म्हणते. त्याचं घर मैदानाला लागूनच, पूर्वेच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. या प्रकरणात त्या घराच्या खिडकीला महत्त्व आहे.

जागा

शिवाजी पार्क म्हणजे साधारण 28 एकरांचं मोकळं मैदान. महापालिकेनं ते 1925 साली लोकांसाठी खुलं केलं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. 1927 साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, अवंतिकाबाई गोखले यांनी महापालिकेत आग्रह धरला आणि आजचं नाव मिळालं. मैदानाभोवती बसायच्या उंचीची बुटकी भिंत आहे, सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर. तोच कट्टा. मराठीत "कट्ट्यावर बसणं" या शब्दांना जो अर्थ आला आहे, त्यातला निदान मुंबईपुरता मोठा वाटा या भिंतीचा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मैदानाच्या पश्चिमेला सावरकर मार्ग. आमच्या पिढीच्या तोंडी अजून कॅडल रोडच येतं. त्याच्या पलीकडे इमारतींचा एक पट्टा आणि मग समुद्र. कट्ट्यावरून उठलात तर रमतगमत गेलं तरी दहा मिनिटांत पाय वाळूत. एवढा जवळ समुद्र असल्यामुळेच इथल्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळीला किंमत होती. एप्रिल-मे मध्ये दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत घुसते. दुपारी सुरू झालेला हा वारा दिवेलागणीनंतरही बराच वेळ राहतो. पश्चिमेकडून, थोडा वायव्येकडून. मैदानावर त्याला अडवायला काही नाही. त्यामुळे जो पूर्वेच्या कट्ट्यावर मैदानाकडे तोंड करून बसेल त्याला सबंध मैदान ओलांडून आलेला वारा थेट तोंडावर मिळायचा. समोर झाडांच्या मागे सूर्य बुडताना दिसायचा, मे महिन्यात सात वाजून दहाएक मिनिटांनी. पश्चिमेच्या कट्ट्यावर बसलं की पाठीला रहदारी. म्हणून पूर्वेची जागा मोक्याची, आणि ती धरायला साडेपाचलाच कुणाला तरी पाठवावं लागायचं.

तेव्हाची संध्याकाळ

आमच्या घरांचा आकार सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. माझं घर दहा बाय बाराच्या दोन खोल्या, माणसं सात. भिंती दिवसभर तापायच्या आणि रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहायच्या. पंखा एकच, तोही आजीच्या डोक्यावर. मे महिन्यात मुंबईचा पारा फार चढत नाही, तेहतीस-चौतीस, पण घाम वाळत नाही. अशा घरातल्या माणसाला संध्याकाळी बाहेर पडावंच लागायचं. हौस नंतरची.

सहा वाजता कट्टा अजून तापलेला असायचा. पँटीतूनही चटका कळायचा. पहिली पाच मिनिटं आम्ही उभेच असायचो, मग बँकवाला रुमाल अंथरून बसायचा आणि मग आम्ही सगळे. बसल्यावर सात-साडेसातपर्यंत खालून ऊब आणि समोरून वारा. हे दोन्ही एका वेळी अंगाला लागणं म्हणजे काय ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. पण डोळे मिटले की आजही मांडीखालचा तो दगड मला जाणवतो.

समोर नेट्स चालू असायची. चेंडू बॅटीला लागल्याचा आवाज मैदानाच्या त्या टोकाहून उशिरा यायचा. आधी बॅट फिरलेली दिसायची, मग टक्. रमाकांत आचरेकर सरांची पोरं इथेच घडत होती. 1984-85 च्या त्या उन्हाळ्यांत नेटमधून नेटमध्ये धावणाऱ्या पोरांत कुरळ्या केसांचा एक सचिनही होता, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आमच्या लेखी सगळी पोरं सारखीच. अंपायर मात्र शपथेवर सांगतो की त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि आम्ही चाळीस वर्षं त्याला हे सांगू देतोय. एका बाजूला समर्थ व्यायाम मंदिरात मुलं मल्लखांबावर चढत असायची. ती उलटी लटकली की माझी मुलगी श्वास रोखून बघायची आणि "बाबा, मला पण" म्हणायची. पुढे दोन वर्षं गेलीही.

खायला काय? कागदाच्या पुडीत खारे दाणे, कैरीच्या फोडींवर तिखट-मीठ, बर्फाचा गोळा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकवाल्याचा पगार झाला की प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. एरवी दाणे. दाणेवाला आमच्यासमोर टोपली टेकवून स्वतःच बसायचा पाच मिनिटं. त्याच्या टोपलीत मधोमध निखाऱ्यांचं छोटं मडकं असायचं आणि तो ते उचलून दाण्यांवर इकडून तिकडे फिरवायचा. त्या मडक्याखालचे दाणे जास्त गरम, ते मास्तरांना.

बोलणं कशावरही. 1984 चा तो पहिला उन्हाळा गिरणगावासाठी फार वाईट होता. संप संपल्याची घोषणा कुणी केली नव्हती आणि गिरण्यांत गेलेल्यांना परत घेतही नव्हते. पोस्टवाल्याचे वडील रोज भायखळ्यापर्यंत चालत जाऊन येत, काम बघायला. त्याला नोकरी लागेपर्यंतच्या आठ-नऊ महिन्यांत त्याच्या चहाचे पैसे कुणी दिले हे कट्ट्यावर कधी निघालं नाही. आज हे लिहितोय तेही त्याला विचारून.

मैदान सभांचंही होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अत्र्यांची भाषणं मास्तरांनी इथेच वडिलांबरोबर येऊन ऐकली. सभा असली की आमची जागा जायची, मग आम्ही मागे उभे राहून ऐकायचो. त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही.

संशयित

कट्टा मोडला तेव्हा प्रत्येकाकडे एक तयार उत्तर होतं. टीव्ही, मोबाइल, एसी, रिडेव्हलपमेंट, "आता पूर्वीसारखं राहिलं नाही". मास्तरांना हे शेवटचं वाक्य सहन होत नाही. ते म्हणाले, एकेक घ्या आणि तपासा.

रंगीत टीव्ही 1982 साली आला, आमचा कट्टा त्यानंतर सुरू झाला. तो बाद. मोबाइल आमच्या खिशात 2000 च्या आसपास आला आणि उलट सोय झाली, "निघालास का?" एवढंच विचारायला. एसी आमच्यातल्या चौघांकडे आहे. पण एसी लावून एकटं बसायला कुणाला आवडतं? घरोघरी वहिनी मालिका बघतात म्हणून हे सगळे आधी कट्ट्यावर आणि एसी झोपताना, असाच क्रम होता.

रिडेव्हलपमेंट हा खरा दणका होता, ते मी नाकारत नाही. मैदानाभोवतीच्या तीन-चार मजली, गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती एकेक करून पडल्या. बँकवाला भाड्याच्या घरात ठाण्याला गेला तो तिथेच रमला, औषधवाला मुलाकडे डोंबिवलीला. पण दोघंही शनिवारी यायचे. डोंबिवलीहून दादर म्हणजे फास्ट लोकलनं तासाभराच्या आतलं काम, आणि शनिवारी संध्याकाळी उलट्या दिशेची गाडी रिकामी असते. दहा वर्षं दोघांचा एकही उन्हाळा चुकला नाही. म्हणजे दूर गेलेला माणूससुद्धा येत होता. मग जवळचा का थांबला?

पहिला थांबला अंपायर. ज्याच्या दारातच मैदान आहे तो.

खिडकी

धूळ पूर्वी नव्हती असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात शिवाजी पार्क कधीच हिरवंगार नव्हतं. पण तेव्हाची जमीन टणक होती, चपलेखाली ठणठण वाजायची. वर भरड माती, कडेला थोडं सुकलेलं गवत. वारा सुटला की एखादी वावटळ उठायची, पोरं तिच्यात शिरायची, संपलं.

गेल्या दहाएक वर्षांत मैदानाचे खड्डे बुजवायला, उंचसखल भाग सारखा करायला लाल माती पडत गेली. ही माती बारीक असते. ओली असताना चिकटून घट्ट बसते, पण वाळली आणि तिच्यावर पाय पडत राहिले की तिचं पीठ होतं. माझ्या कामात मातीशी संबंध पायाभरणीपुरता, तरी एक गोष्ट आम्ही पहिल्या वर्षी शिकायचो: भर घातलेली माती आणि मूळची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी. भर दाबून बसवली नाही आणि वर काही पांघरलं नाही, तर ती पावसात वाहते किंवा उन्हात उडते. इथे दोन्ही झालं. पावसाळ्यात चिखल, जानेवारीपासून धूळ.

आणि उडून कुठे जाणार? वारा पश्चिमेचा. जो वारा आमच्या तोंडावर यावा म्हणून आम्ही साडेपाचपासून जागा अडवायचो, तोच वारा सबंध मैदानावरचं पीठ उचलून बरोबर त्याच जागी आणून टाकायला लागला. आमची मोक्याची जागा मैदानातली सर्वांत वाईट जागा झाली. हे मला नकाशा काढायला बसल्यावर दिसलं. त्याआधी आठ वर्षं मी नुसता खोकत होतो.

2022 च्या एप्रिलमध्ये अंपायरच्या घरी वहिनींनी एक प्रयोग केला. प्रयोग म्हणून नव्हे, वैतागून. त्यांनी अंपायरचा पांढरा पंचा धुऊन, पिळून, मैदानाच्या बाजूच्या खिडकीच्या गजांना ओलाच बांधला, धूळ अडेल म्हणून. दुपारी चारला बांधला. सातला आम्ही चहाला वर गेलो तेव्हा पंचा विटकरी झाला होता. गजांना जिथे तो चिकटला होता तिथे मागे उभ्या पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, बाकी सगळा रंग भरलेला. वहिनींनी तो सोडून बादलीत टाकला, पाण्याला चहाचा रंग आला. "हे यांच्या छातीत जातंय," एवढंच म्हणाल्या. अंपायरला त्या वर्षी डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला होता. दुसऱ्या दिवसापासून तो खाली आला नाही.

काय काय करून पाहिलं

मैदानाबाबत काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, ते साठवायला रिंगवेल, तेच पाणी शिंपडायला तुषार सिंचन, वर गवत, असं मोठं काम 2021-22 च्या सुमारास झालं. पावसानंतर मैदान हिरवं दिसलं आणि आमच्या ग्रुपवर मास्तरांनी फोटो टाकला. होळीपर्यंत गवत गेलं. पुढे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं लक्ष घातलं, मातीचा वरचा थर काढायचे निर्देश निघाले, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. 2025 च्या उन्हाळ्यात हे सगळं वर्तमानपत्रांत आम्ही रोज वाचत होतो.

गवत का टिकत नाही याचं उत्तर मैदानाच्या वर्षात आहे. गवत पावसाच्या चार महिन्यांत धरतं, पण ते पक्कं व्हायला पुढचे तीन-चार महिने त्याला कुणी तुडवता कामा नये. इथे पाऊस थांबतो न थांबतो तोच नेट्स लागतात. मग दसरा मेळावा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला राज्यभरातून लाखो माणसं येतात, त्यांच्या राहण्याचे मांडव इथेच पडतात. 26 जानेवारीचं संचलन आणि त्याआधीच्या तालमी. मग सामन्यांचा हंगाम, आणि एप्रिल-मे मध्ये शिबिरं, शेकडो मुलं. यातलं काय थांबवायचं? मला यातलं एकही थांबवावंसं वाटत नाही. हे मैदान याच गोष्टींसाठी आहे. 2022 च्या फेब्रुवारीत लताबाईंना इथेच निरोप दिला तेव्हा मीही त्या गर्दीत उभा होतो, आणि पायाखाली काय होतं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आम्ही आमच्यापुरतं तीन गोष्टी केल्या.

पहिली, बाजू बदलली. 2022 चा मे आम्ही पश्चिमेच्या कट्ट्यावर काढला. वारा पाठीमागून, धूळ समोर दूर जाताना दिसायची, श्वास मोकळा. पण कॅडल रोडवरच्या गाड्या. मास्तरांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं आणि पोस्टवाला मुळातच हळू बोलतो. दोन वाक्यांत एक "काय म्हणालास?" यायला लागलं. गप्पा म्हणजे ओरडणं झालं, आणि साठी ओलांडलेली माणसं ओरडून आपलं काही सांगत नाहीत. मुलाच्या नोकरीचं, बायकोच्या रिपोर्टचं, असलं काही त्या महिनाभरात कुणीच बोललं नाही. पंधरा दिवसांनी औषधवाला म्हणाला, "शनिवारी येतोय तो हॉर्न ऐकायला का रे?"

दुसरी, वेळ बदलली. सकाळी साडेसहा. त्या वेळी वारा पडलेला असतो, धूळ बसलेली. तब्येतीला हे उत्तम आणि आजही आम्ही तिघं जातो. पण सकाळ चालण्याची असते, प्रत्येकाचा वेग वेगळा, घड्याळाकडे डोळा, घरी कुणाची तरी आंघोळ, कुणाचं दूध. ठाणे-डोंबिवलीचे दोघं सकाळी येणं शक्यच नव्हतं.

तिसरी, अर्ज. अर्ज कुठे केला आणि तिथे काय झालं हे लिहून उपयोग नाही. पोच मिळाली.

दोन खेळपट्ट्यांमधली जागा

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मला अंपायरनं खिडकीतून दाखवली. 2023 च्या मे महिन्यातला शेवटचा रविवार होता. तो खाली येत नव्हता म्हणून आम्हीच वर जायचो. म्हणाला, "इथून बघ. धूळ कुठून उठते ते बघ. आणि कुठून उठत नाही तेही."

मैदानावर वेगवेगळ्या क्लबांच्या खेळपट्ट्या आहेत. प्रत्येक क्लबाचा आपला माळी आहे. तो संध्याकाळी खेळ संपला की खेळपट्टी झाडतो, पाणी मारतो, सकाळी रोलर फिरवतो, भोवती दोरी बांधतो, एखादा पोरगा बूट घालून त्यावरून गेला तर मागे धावतो. वरून पाहिलं तर या खेळपट्ट्या काळपट, ओलसर आयतांसारख्या दिसतात. वारा त्यांच्यावरून जातो आणि काही उचलत नाही. तेच मैदान, तीच माती, तेवढंच ऊन. आणि दोन खेळपट्ट्यांच्या मधे जी जागा आहे, जिथून सगळे चालतात, धावतात, जिथे मांडव पडतात, तिथून लाल पडदा उठत होता.

"त्या पट्टीला मालक आहे," अंपायर म्हणाला. "मधल्याला सगळे आहेत."

तेव्हापासून मी गवत, रिंगवेल, मातीचा थर या सगळ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. ती कामं चांगली होती, पैसाही लागला असेल. पण काम एकदा होतं आणि माळी रोज येतो. मधल्या जागेवर रोज सकाळी येऊन "आज इथे दोन तास पाणी, या कोपऱ्यात पंधरा दिवस कुणी पाय ठेवायचा नाही" असं सांगणारा आणि ज्याचं सगळ्या क्लबांनी, मांडववाल्यांनी, शिबिरवाल्यांनी ऐकायचं असा एक माणूस नाही. आवाजाच्या बाबतीत असा अधिकार निर्माण झाला. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या मैदानाला शांतता क्षेत्र ठरवलं, त्यानंतर लाउडस्पीकर लावायचा तर कुठल्या दिवशी आणि कुणाच्या परवानगीनं याचा हिशोब द्यावा लागतो. बरेच लोक त्यावर नाराज झाले, पण संध्याकाळी आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागलं हे खरं. धुळीचा असा हिशोब कुणी कुणाला मागत नाही. मांडव उतरवला की खड्डे बुजवून, पाणी मारून, दाबून जागा परत करायची, आणि ती बघून घ्यायला कुणी तरी समोर उभा असायचा, इतकी ही साधी गोष्ट आहे. भाड्याचं घर सोडतानाही मालक भिंती बघून घेतो.

याच महिन्यात आमचा संध्याकाळचा कट्टा बंद झाला. ठरवून नाही. एका शनिवारी ठाणे-डोंबिवलीचे आले, आम्ही वर अंपायरकडे बसलो, खिडक्या लावून, एसी लावून. वहिनींनी पोहे केले. पुढच्या शनिवारी सहा माणसांचं दर आठवड्याला कुणाच्या घरी ओझं नको म्हणून बँकवाला आला नाही. कट्ट्यावर कुणाचं कुणाला ओझं होत नव्हतं.

आता

संध्याकाळी मैदान ओस पडलंय असं समजू नका. उलट गर्दी वाढली आहे. आचरेकर सरांचं स्मारक डिसेंबर 2024 मध्ये पाच नंबरच्या गेटपाशी उभं राहिलं, तिथे लहान मुलांना घेऊन आईबाप येतात, फोटो काढतात. मे 2025 मध्ये भुयारी मेट्रो दादर आणि शीतलादेवीपर्यंत आली. कॉलेजची पोरंपोरी कट्ट्यावर तशीच बसतात, आमच्यासारखीच मोठ्यानं हसतात. नाना-नानी पार्कात आमच्या वयाची माणसं असतात. आमच्या जागेवर एक पाच-सहा मुलींचा गट बसतो, सगळ्या नाकाला ओढणी बांधून. बोलायच्या वेळी ओढणी खाली करतात, बोलून झालं की परत वर. त्यांना ते जाणवतही नसेल, त्यांनी मैदान असंच पाहिलंय. मला ते बघवत नाही.

2025 मध्ये एक आक्रीत झालं. पाऊस 26 मे ला मुंबईत पोचला, एरवी 11 जूनच्या आसपास येतो तो. पंधरा दिवसांचा उन्हाळा आम्हाला माफ झाला. पहिली मोठी सर पडून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी उघडीप होती. मास्तरांनी ग्रुपवर लिहिलं: "माती बसली आहे. सहा वाजता. पूर्व." मास्तर आता त्र्याऐंशीचे आहेत.

आम्ही चौघं जमलो. अंपायर खाली उतरला, पंप खिशात घेऊन. ढग होते म्हणून कट्टा तापलेला नव्हता, ओला होता. पोस्टवाल्यानं पिशवीतून वर्तमानपत्र काढून चौघांपुरतं अंथरलं. वारा समोरून आला आणि त्याच्यात काही नव्हतं, नुसता वारा होता, ओल्या मातीचा वास घेऊन आलेला. बराच वेळ कुणी बोललं नाही. समोरच्या खेळपट्टीवर एक माळी ताडपत्री ओढत होता, पाणी तुंबू नये म्हणून कडेनं विटा ठेवत होता. एक वीट त्यानं तीनदा उचलून नीट लावली.

मग मास्तर डावा कान पुढे करून म्हणाले, "हां, मुलाच्या नोकरीचं काय झालं ते सांग आता."

पोस्टवाला त्याच्या त्या हळू आवाजात सांगायला लागला. सगळं ऐकू येत होतं.